सूर्य तळहातावर कसा घ्यावा
(विशाखापट्टणमला निघालेल्या नवशिक्या छायाचित्रकारांसाठी)

पहिला धडा दिशेचा. कॅमेरा, लेन्स, फोनचं नवं मॉडेल हे सगळं नंतर.

मराठी माणसाचा समुद्र पश्चिमेला असतो. जुहू असो, गणपतीपुळे असो की कळंगुट, संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य आपल्या पायांनी चालत येऊन फ्रेममध्ये बुडतो. त्याला कसलंही ज्ञान लागत नाही. एवढ्या शिदोरीवर माणूस विशाखापट्टणमला उतरतो, चारचा चहा घेऊन रामकृष्ण बीच गाठतो, ट्रायपॉडचे पाय वाळूत रोवतो आणि बंगालच्या उपसागराकडे तोंड करून सूर्यास्ताची वाट बघू लागतो.

नवशिक्यांनी इथे घाबरून जाऊ नये. आजूबाजूला पाहावं. पुण्याचे, नाशिकचे, सोलापूरचे कितीतरी लोक त्याच दिशेला फोन धरून उभे असतात, त्यामुळे धीर येतो. अंधारून आलं आणि सूर्य काही आला नाही, की मान हळूच मागे वळवावी. मागच्या हॉटेलांच्या गच्चीवरच्या टाक्या, त्यांच्या मागे डोंगर, आणि त्या डोंगरांपलीकडे तो केव्हाच गेलेला असतो.

कारण साधं आहे. इथे पूर्व घाटाच्या टेकड्या थेट समुद्रापर्यंत उतरल्या आहेत आणि किनाऱ्याचं तोंड आग्नेयेला आहे. त्यामुळे बाराही महिने सूर्य पाण्यातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो. उन्हाळ्यात मावळताना तो सिंहाचलमच्या डोंगरांच्या बाजूला झुकतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकून यारड्याच्या रांगेवर उतरतो. समुद्रावरचा सूर्यास्तच हवा असा हट्ट असेल तर परतीचं तिकीट काढून मालवणला जावं. फोटो तिथेही चांगले येतात.

दिशा कळली की घड्याळ. देशभर एकच वेळ पाळायचं ठरलं खरं, पण सूर्याला ते कोणी कळवलेलं नाही. मुंबई आणि विशाखापट्टणम यांच्यात साडेदहा रेखांशांचं अंतर आहे. पृथ्वीला एक अंश वळायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे झाली ४२ मिनिटं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. इथे साडेपाचच्या आत कारभार आटोपलेला असतो. २१ जूनच्या सुमारास मुंबईत तो सहाला उगवतो, इथे ५ वाजून २३ मिनिटांनी पाण्याबाहेर. ‘सहाला उठू, साडेसहापर्यंत पोचू’ असा मुंबईचा हिशेब इथे लावला, तर भेटतो तो तासभर जुना, पांढराफटक सूर्य. त्याचा फोटो दुपारी बारालाही काढता येतो.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी उलटी मोजणी करावी. सूर्योदय ५.२३ ला. आकाशात रंग भरतात ते त्याच्या वीसेक मिनिटं आधी, म्हणजे पाचला वाळूवर पाय हवेत. हॉटेलातून निघायला पावणेपाच. चहाशिवाय कोणी हलत नाही, म्हणून सव्वाचार. आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हा सासूबाईंचा नियम प्रवासातही चालू असेल, तर गिझर साडेतीनला लावावा. यापेक्षा झोपलंच नाही तर सोपं जातं. टूरबरोबर गेलेल्यांची यातून सुटका होते. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सूर्योदय दर्शन’ हे नाश्त्यानंतर असतं, नाश्ता साडेसातला सुरू होतो, आणि भाड्यात धरलेला असल्यामुळे तो सोडणं पाप आहे.

छायाचित्रणाच्या पुस्तकांत ‘गोल्डन अवर’ नावाचा एक तास असतो. त्यावर विसंबू नका. ही पुस्तकं लिहिणारी मंडळी बहुधा वरच्या अक्षांशांवर राहतात. तिकडे सूर्य तिरका, रेंगाळत उतरतो. सतरा-अठरा अंशांवर तो जवळजवळ सरळ खाली येतो. क्षितिजाच्या वर सहा अंशांपासून क्षितिजापर्यंतचं अंतर तो पंचवीसेक मिनिटांत कापतो, आणि उगवताना चकतीची कड पाण्यावर दिसल्यापासून अख्खी चकती बाहेर पडेपर्यंत सव्वादोन मिनिटं. या सव्वादोन मिनिटांत फोन खिशातून काढणं, कुलूप उघडणं, ‘स्टोरेज फुल’ वाचणं, मागच्या लग्नाचे व्हिडिओ पुसावेत की नाही यावर घरात चर्चा करणं, एवढं सगळं बसवायचं असतं.

उपकरणांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फोन पुरतो. फक्त त्याच्या लेन्सवर खोबरेल तेलाच्या बोटांचा जो थर असतो, तो आधी पुसावा; सूर्यासमोर धरल्यावर त्या तेलातून जे तेजोवलय उमटतं त्याला लोक ‘काय इफेक्ट आलाय’ म्हणतात, पण तो इफेक्ट दुपारी जेवणाच्या फोटोतही येतो. एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर आणला की थंड काचेवर दमट हवा बसते आणि पहिली दहा मिनिटं सगळं शहर धुक्यात दिसतं. कॅमेरा रात्री बॅगेत बंद करून ठेवावा आणि बॅगेतच असताना त्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. पुसायला मऊ सुती कापड चांगलं. पदराने पुसायचा असेल तर जर नसलेलं टोक निवडावं. लाटांचे खारे तुषार वाळले की मिठाचे बारीक कण राहतात. ते कोरड्याने घासले तर काचेवर कायमच्या आठवणी उरतात, म्हणून आधी फुंकर मारावी.

आता ज्यासाठी आपण आलो ते. तळहातावर सूर्य.

हा फोटो सूर्योदयालाच काढावा लागतो, कारण समुद्रावरचा सूर्य इथे तेव्हाच मिळतो. एकाने किनाऱ्यावर आडवं उभं राहून हात पुढे करायचा, दुसऱ्याने चार पावलं मागे जाऊन हात आणि सूर्य एका रेषेत आणायचे. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते असं होतं:

“अगं, हात थोडा खाली घे.”

“किती?”

“थोडाच. आता डावीकडे. माझ्या डावीकडे.”

“तुमचं डावं म्हणजे माझं कुठलं? मी तुमच्याकडे बघतेय की समुद्राकडे, ते आधी सांगा.”

“तू कुठेही बघ, हात फक्त सरळ ठेव. बोटं मिटू नकोस, लाडू धरल्यासारखी दिसतायत.”

“अहो, खांदा दुखायला लागला. आला का सूर्य?”

“आला होता. वर गेला.”

मग जोडीने थोडं पुढे सरकून, गुडघे वाकवून, सूर्याला परत पकडायचं. तो दर सव्वादोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीएवढा वर चढत असतो, आणि त्याला घाई आपल्यापेक्षा जास्त असते. इतकं करून घरी येऊन फोटो मोठा केला की तळहातावर तांदळाएवढा ठिपका दिसतो. यात फोनचा दोष नाही. फोनची नेहमीची लेन्स आडव्या फ्रेममध्ये सुमारे सत्तर अंशांचा देखावा घेते आणि सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. चार हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रात त्याच्या वाट्याला तीसेक पिक्सेल येतात. मोठा सूर्य हवा असेल तर मोठी लेन्स. हिशेब सोपा आहे: लेन्सच्या फोकल लेंग्थला शंभराने भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या सूर्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे ४ मिलिमीटर. एवढी लेन्स घरात फक्त भाच्याकडे असते आणि तो ती देत नाही. (दिलीच, तर वर चढलेल्या सूर्याकडे डीएसएलआरच्या भिंगातून डोळा लावून बघू नका. हे मात्र गमतीत घ्यायचं नाही.)

एक्सपोजर हा संसारातला प्रश्न आहे. पडद्यावर सूर्याला बोट लावलं की आकाश केशरी होतं आणि बायको काळी पडते. बायकोला बोट लावलं की ती उजळते, पण सूर्याच्या जागी नुसतं पांढरं भगदाड. दोघांनाही सांभाळून घेणारा एचडीआर असतो, त्यात दोघंही खोटे दिसतात. अनुभवी लोक सूर्याला बोट लावून ते दाबून धरतात, एक्सपोजर अजून थोडं खाली ओढतात आणि समोरच्याला सांगतात, ‘ही सिल्हूट आहे, मुद्दाम काढलीय.’ तसंच ऑटो व्हाइट बॅलन्सचं. पहाटेचा नारिंगी रंग ही फोनच्या मते दुरुस्त करायची चूक असते. तो गुपचूप त्यात निळं मिसळतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ निवडलं की त्याचे हात बांधले जातात.

हा रंग येतो कुठून हेही नवशिक्याला ठाऊक असावं, कारण सोबतचा चौथीतला मुलगा ते हमखास विचारतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवा कापून येतो. त्या वाटेत निळा विखुरला जातो, लाल-पिवळा उरतो. आणि विखुरण्याच्या या विषयात ज्यांचा हात कोणी धरला नाही ते चंद्रशेखर वेंकट रामन लहानपणी याच गावात वाढले. वडील इथल्या कॉलेजात शिकवत होते आणि मुलगा सेंट अलॉयशियस शाळेत जात होता. पुढे १९२१ मध्ये युरोपच्या प्रवासात त्यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला. समुद्राचा निळा म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मोठमोठे लोक मानत. रामन यांनी निकोल प्रिझममधून पाणी पाहिलं. पृष्ठभागावरची चकाकी गेली, तरी निळा उरलाच, उलट जास्त गडद झाला. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. आज दुकानात जो पोलरायझर फिल्टर मिळतो तो हेच काम करतो: लेन्सवर लावून हळूहळू फिरवायचा आणि पाण्यावरची चमक कुठे मरते ते बघायचं. रामन यांना या शोधमालिकेच्या शेवटी १९३० मध्ये नोबेल मिळालं. आपल्याला लाइक मिळतात.

आता जागा. रामकृष्ण बीचवर पहाटे ‘कुरसुरा’ पाणबुडीसमोर उभं राहून फोटो काढणं सक्तीचं आहे असं समजून चालावं. १९६९ मध्ये नौदलात आलेली ही बोट २००१ मध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्या वर्षीपासून वाळूवर संग्रहालय म्हणून उभी आहे. लांबी नव्वद मीटरच्या वर. म्हणजे अख्खी पाणबुडी फ्रेममध्ये घ्यायची तर इतकं मागे जावं लागतं की माणसं ओळखू येत नाहीत, आणि माणसं ओळखू यायची तर मागे नुसती एक काळी भिंत उरते. लोक दुसरा पर्याय निवडतात आणि घरी ‘ही पाणबुडी’ असं तोंडी सांगतात. खरं तर पहिलं ऊन त्या काळ्या पोलादावर पडतं तेव्हा बाजूवरचा एकेक जोड, एकेक खाच दिसू लागते. जवळ जाऊन हातभर तुकड्याचा फोटो घेतला तर तो पाणबुडीचा वाटतो. पण त्यात काकू येत नाहीत.

मासेमारी बंदरात पहाटे जावं, पण नाकाची तयारी ठेवून. ससून डॉक बघितलेल्याला नवल नाही. रात्रभर बाहेर असलेल्या बोटी आलेल्या असतात, पाट्या उतरत असतात, बर्फाचा चुरा पायाखाली, आणि लिलावाचा आवाज. ऊन तिरकं असताना ओल्या फरशीवर बोटींचे निळे-हिरवे रंग उलटे उमटतात. माशांच्या चमकीवर एक्सपोजर ठरवू नका, बाकी सगळं काळं होईल. कोळणींना विचारून फोटो काढावा, आणि त्यांच्या वाटेत बसून ‘लो अँगल’ घेऊ नये. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला कंपोझिशनसाठी थांबायला वेळ नसतो, आणि ती जे बोलते ते तेलुगू येत नसलं तरी कळतं.

डॉल्फिन्स नोजचा कडा सगळ्यांना खुणावतो. बंदराच्या तोंडाशी समुद्रात घुसलेला हा डोंगर, वर दीपगृह. पण विशाखापट्टणम हे नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे आणि ‘फोटो काढण्यास मनाई’ अशा पाट्या इथे शोभेसाठी लावलेल्या नाहीत. लांबूनच घ्यावा. लांबून तो दिसतोही जास्त चांगला. पलीकडे यारडा बीच, तीन बाजूंना डोंगर आणि चौथीला पाणी. तिथे संध्याकाळी जाणाऱ्याने पंचांगातली सूर्यास्ताची वेळ धरून चालू नये. डोंगर आपली सावली पंचांग न बघता टाकतो.

संध्याकाळसाठी खरी जागा कैलासगिरी. टेकडीवर शिव-पार्वतीच्या मोठ्या पांढऱ्या मूर्ती आहेत. पार्वतीच्या बाजूला वहिनी आणि शंकराच्या बाजूला दादा असा फोटो आधी उरकून घ्यावा, म्हणजे मन मोकळं होतं. मग नैर्ऋत्येकडचा कठडा गाठावा. खाली किनारा कमानीसारखा वळत जातो, लाटांच्या पांढऱ्या रेघा एकामागून एक येत असतात, त्यांना लागून रस्ता, रस्त्याला लागून इमारती, आणि अगदी टोकाला डॉल्फिन्स नोज. १२ ऑक्टोबर २०१४ ला ‘हुदहुद’ चक्रीवादळ या शहरावर आदळलं तेव्हा या टेकडीवरची झाडं उन्मळून पडली होती. आता पुन्हा हिरवं आहे. सूर्य उजव्या हाताला, शहराच्या मागे असतो. त्याच्याकडे सगळा कठडा फोन रोखून उभा राहतो आणि फोटोत येतं काय, तर विजेच्या तारा, धुरकट आकाश आणि एक लाल ठिपका. तोच सूर्य त्याच क्षणी समोरच्या इमारतींच्या पश्चिम भिंती उजळत असतो, खिडक्यांच्या काचा एकेक करून पेटवत असतो, डोंगराच्या प्रत्येक घडीत सावली भरत असतो. ते टिपायला सूर्याकडे पाठ नाही तरी खांदा करावा लागतो. कठड्यावर तेवढी जागा मिळत नाही, पण मागितली तर मिळते, कारण त्या बाजूला कोणाला जायचं नसतं.

भिमुनिपट्टणमच्या रस्त्यावर एर्रा मट्टी दिब्बालू म्हणून लाल वाळूच्या टेकाडांची जागा आहे, राष्ट्रीय भूवारसा म्हणून जपलेली. पावसाने त्यात खोल घळी पडल्या आहेत. ऊन उतरलं की घळींच्या कडा अंगाराच्या रंगाच्या होतात. मूळचीच लाल माती, वरून लाल ऊन. इथे फोनची मती गुंग होते आणि तो सगळं तपकिरी करून ठेवतो. तेव्हा वरचा ‘डेलाइट’चा धडा आठवावा. टेकाडांवर चढू नये, आणि नाव कोरायचं असेल तर ते घरच्या भिंतीवर कोरावं.

आता मागे सोडलेल्या त्या मंडळींकडे येऊ, जी संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून सूर्यास्ताची वाट पाहत होती. त्यांना हसणं सोपं आहे. पण सूर्य डोंगरामागे गेल्यावर पाचेक मिनिटांत, नेमकं त्यांच्या समोर, पाण्यावरून एक निळसर राखाडी पट्टा वर चढू लागतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा पसरतो. राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. गुलाबी म्हणजे मावळलेल्या सूर्याचा लाल प्रकाश वरच्या हवेतून परत आलेला. दहा-बारा मिनिटं हा खेळ चालतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो पाठीमागे, नारळीच्या आणि घरांच्या मागे दबून जातो. इथे त्याला अख्खं क्षितिज मोकळं मिळतं. हवा स्वच्छ असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत विशेष. फोटोला काही करावं लागत नाही: फोन आडवा, क्षितिज सरळ, खालचा तिसरा भाग पाणी. अडचण एकच. तोपर्यंत ‘इथे सूर्यास्त दिसत नाही’ हे सगळ्यांना कळलेलं असतं आणि मंडळी मुरी मिक्सरच्या गाडीभोवती जमलेली असतात. तीही हवीच. चुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, लिंबू. हाताला तिखट लागतं, त्या हाताने लेन्स पुसू नये.

पौर्णिमा साधली तर याच पट्ट्यातून चंद्र वर येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, आणि इथे तो पाण्यातून उगवतो. कोजागरीला मुंबई-पुण्यात चंद्र इमारतींच्या वर यायला नऊ वाजतात आणि तोवर दूध आटून खवा होतो. विशाखापट्टणमला तो संधिप्रकाशातच, तांबूस, क्षितिजाला टेकलेला असा मिळतो. तेव्हा आकाश पुरतं काळं नसतं, त्यामुळे चंद्र आणि समुद्र दोन्ही एका फोटोत उतरतात. अर्ध्या तासाने हे जमत नाही. मग चंद्र म्हणजे एक ट्यूबलाइट आणि खाली नुसता अंधार. चंद्रही अर्ध्या अंशाचाच, म्हणजे तीस पिक्सेलचा हिशेब त्यालाही लागू.

शेवटचं काम हॉटेलात. सगळे फोटो बघून त्यातला एक निवडावा. हे कोणाला जमलेलं नाही, म्हणून सगळेच फॅमिली ग्रुपवर टाकावेत. कोजागरीच्या चंद्राचा फोटो टाकला की पहिला निरोप थोरल्या काकांचा येईल: ‘वा! सूर्यास्त अप्रतिम!’ मागोमाग आत्याबाई हात जोडलेली चिन्हं पाठवतील. चौथीतला मुलगा ‘तो चंद्र आहे’ असं टाइप करायला घेईल, त्याच्या हातून फोन काढून घ्यावा. काकांना ‘धन्यवाद’ लिहावं आणि खाली जेवायला जावं. पेसरट्टू गरम असतानाच चांगला लागतो.